डावा दिवा

"काचेला बोट लावू नगो! बोट लागलं की मेला बल्ब."

आबा ओरडले तसा माझा हात जागच्या जागी थांबला. नवीन बल्ब अजून पुठ्ठ्याच्या खोक्यातच होता. मी तो पितळी बुडाला धरून बाहेर काढला आणि जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून गाडीच्या बॅटरीवर ठेवला.

"बोट लागल्यानं काय होतं आबा?"

"बोटाला तेल असतं. बल्ब तापला की तेवढ्याच जागी काच तडकती. आता आधी जुना काढ."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षातला रविवार होता, संध्याकाळचे पाच-सव्वापाच झाले असतील. पाटणच्या आमच्या घरासमोरच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं, त्यात मी कोपरापर्यंत हात घालून उभी होते आणि माझे सासरे, केरबा सपकाळ, शेजारी लाकडी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. आबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती. एकतीस वर्षांत एक अपघात नाही. निवृत्त झाले तरी सकाळी आंघोळ करून पँट-शर्ट घालून बसायची सवय गेली नव्हती. कुठल्याही क्षणी कुणीतरी ड्यूटी सांगेल असं वाटावं.

आणि ड्यूटी होतीच. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आईंची, दोन्ही मूत्रपिंडं सहा महिन्यांपूर्वी निकामी झाली होती. सोमवारी आणि गुरुवारी कराडला डायलिसिस. आम्हाला सकाळी सहाची पहिली पाळी मिळाली होती, म्हणजे पावणेपाचला घर सोडावं लागायचं. थंडीच्या दिवसांत पावणेपाच म्हणजे मिट्ट काळोख. आबा गाडी चालवायचे, आई त्यांच्या शेजारी शाल गुंडाळून बसायच्या आणि मी दारात उभी राहून लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत बघायची. माझे मिस्टर हेमंत पुण्याला कंपनीत होते, पंधरा दिवसांनी यायचे. मी घरी ब्लाउज शिवायची, घर सांभाळायची.

गेला महिनाभर आबांची एकच तक्रार होती. "दिवं मेल्यात गाडीचं. रस्ता पिवळा दिसतोय नुस्ता." गुरुवारी ते परत आले तेव्हा गाडीचा डावा आरसा दुमडून त्याची काच फुटली होती. "रस्त्याकडंला मुरमाचा ढीग टाकलाय गाढवांनी," एवढंच म्हणाले. आई गाडीतून उतरल्या आणि भिंतीला हात लावत लावत आत गेल्या. त्याच दिवशी आबांनी कराडहून दोन नवे बल्ब आणले होते.

"गॅरेजला का नेत नाही?" मी विचारलं होतं.

"दोन बल्ब बदलायला गॅरेज? ड्रायव्हरच्या घरची सून हायस का कोण?"

"मग तुम्हीच बदला की."

"माझी बोटं जाड झाली. मागं जागा किती अरुंद हाय बघ. तुझी बोटं हुकाला सवकल्यात."

म्हणून मी उभी होते. दिव्याच्या मागच्या बाजूला बॅटरी आणि पत्र्याच्या मधे जेमतेम हात जाईल एवढी फट. आधी वायरचा होल्डर ओढून काढायचा. तो निघेना. आबा म्हणाले, "डावीउजवीकडं हलव, मग ओढ. बैलाचं दावं ओढतीस तसं ओढू नगो." निघाला. मग रबराची टोपी. ती पण निघाली. मग तारेची क्लिप, तिनंच बल्ब जागेवर धरून ठेवलेला.

"ती दिसत नाही आबा. विजेरी धरा ना जरा इथं."

त्यांनी विजेरी धरली. उजेड पडला रेडिएटरवर.

"इकडं हो, माझ्या हाताकडं."

उजेड माझ्या खांद्यावर आला. मी त्यांचं मनगट धरून विजेरी नीट वळवली, तर दुसऱ्या मिनिटाला ती पुन्हा भलतीकडंच.

"ऱ्हाऊ दे ती," आबा वैतागून म्हणाले. "डोळं मीट. मीट म्हणतो न्हवं! आता बोटानं बघ. तारेचं दोन पाय लागतात का हाताला? त्यास्नी आत दाब, आन् वर उचल. माझं डोळं बांधलं तरी पाच मिंटात बसवतो मी बल्ब."

मी डोळे मिटले. आणि खरंच, जे बघून कळत नव्हतं ते बोटांना कळलं. तार आत दाबली, वर उचलली, टक् करून सुटली. जुना बल्ब हातात आला. बाहेर काढून मी तो उजेडात धरला. काच पाण्यासारखी स्वच्छ, आतली तार जागेवर. घरात विजेचे बल्ब जातात तेव्हा ते काळे पडतात, तार तुटून आत खुळखुळते. हा तर नव्यासारखा होता.

"आबा, हा चांगला दिसतोय की."

"दिसतो चांगला. आतनं दमलेला असतोय."

मी वाद घातला नाही. कागदात धरून नवा बल्ब आत नेला. त्याला तीन कान असतात, मोठा कान वर यायला हवा, नाहीतर उजेड झाडावर पडतो आणि रस्त्यावर अंधार. दोनदा उलटा बसला. तिसऱ्यांदा कान खाचेत बसले तेव्हा मला कापड सरळ बेतायला आडवा दोरा सापडल्यासारखं बरं वाटलं. क्लिप, रबर, होल्डर. मग उजवी बाजू. तिथं पत्र्याची कड लागून माझ्या मनगटावर ओरखडा उठला, पण वेळ निम्माच लागला.

तोवर दिवस मावळला होता. समोरच्या गोठ्यात आता जनावर नव्हतं, तिथं गाडी असायची. उघड्या गोठ्याची आतली, चुन्यानं रंगवलेली भिंत बरोबर गाडीसमोर होती. आबा आत बसले, बॅटरी उतरू नये म्हणून त्यांनी इंजिन चालू केलं आणि दिवे लावले.

भिंतीवर दोन पांढरेशुभ्र गोल पडले. इतके लख्ख, की चुन्यातले पोपडे मोजावेत. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. पस्तिशीची बाई मी, पण स्वतःच्या हातानं गाडीचं काहीतरी दुरुस्त केलं होतं ना!

आबा काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, "डावा लागला न्हाई."

मी पुढं जाऊन बघितलं. "लागलाय की आबा. दोन्ही लागलेत."

"लागलाय?"

"मग! हा काय."

"आसंल. जरा पिवळाच हाय तरी."

मला रागच आला. तासभर मी हात खरवडून घेतला होता आणि यांना तरी पिवळाच. मी बॉनेट बंद केलं, खिडकीपाशी आले आणि जुने बल्ब कागदात गुंडाळायला लागले. "मी गाडी आत लावतो," असं म्हणत आबांनी पहिला गिअर टाकला.

त्याच वेळी आई घरातून बाहेर आल्या होत्या. उजेड पडलेला बघून त्या पायरी उतरून हळूहळू गाडीच्या डाव्या अंगाला, अगदी दिव्यासमोर येऊन थांबल्या होत्या. अंगावर फिकट निळं लुगडं, डाव्या हाताची ती सुया टोचून फुगलेली शीर पदराखाली झाकलेली. दिव्याचा सगळा उजेड त्यांच्या अंगावर होता. मी मान वर केली तेव्हा त्या मला स्पष्ट दिसल्या, आणि गाडी त्यांच्या दिशेनं सरकताना दिसली.

"आबाऽऽ! आई!"

गाडी हिसका देऊन थांबली. इंजिन बंद पडलं. दिवे मात्र जळत राहिले.

आई हलल्याच नव्हत्या. हलायला त्यांना तेवढी ताकद नव्हती आणि तेवढा वेळही नव्हता.

आबा खाली उतरले. गाडीच्या कडेला हात लावत ते पुढं आले. बंपर आणि आईंचा गुडघा यांच्यामध्ये त्यांनी आपला पंजा ताणून धरला. वीतभरसुद्धा जागा नव्हती. मग ते तिथंच, गाडीसमोर, उजेडात खाली बसले.

"हौसा," ते म्हणाले, "तू कुठनं आलीस?"

"मी हितंच हुते," आई म्हणाल्या. "कवाधरनं हुते."

"मला दिसली न्हाईस."

"मला ठाव हाय."

मी आईंकडं बघितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि पायरीवर बसल्या. दम लागला होता त्यांना, थांबून थांबून बोलल्या.

"दोन महिनं झालं, ह्यास्नी डावीकडचं दिसत न्हाई. अंधार पडला की समोरचं पण धड दिसत न्हाई. मी शेजारी बसून सांगती. डावीकडं खड्डा हाय, म्होरं ट्रॅक्टर हाय, आता वळण आलं. ह्यांनी कवा इचारलं न्हाई, मी कवा बोलले न्हाई. गुरुवारी माझा जरा डोळा लागला, तवा आरसा गेला."

आबा जमिनीकडं बघत होते. "इक्बालला दाखवलं हुतं गाडीचं दिवं," ते म्हणाले. इक्बाल म्हणजे स्टँडजवळचा गाड्यांचा मिस्त्री, त्यांचा तीस वर्षांचा दोस्त. "त्यानं समदं काढून बघितलं. म्हनला, केरबा, दिवं ठणठणीत हायत."

"आणि तरी तुम्ही नवीन आणलेत?"

"म्हटलं, बदलून बघू. एखाद्या वक्ती दिव्यातच खोट निघायची."

एकतीस वर्षांत ज्या माणसानं कधी 'चुकलं' म्हटलं नव्हतं, तो मातीत बोटानं रेघा ओढत बसला होता. मी गाडीत वाकून दिवे बंद केले. तेवढ्या उजेडात त्यांच्याकडं बघवेना.

थोड्या वेळानं आई म्हणाल्या, "उद्या न्हाई जायाचं. आता हे बंदच करू. सहा महिनं झालं की, लई झालं. एका जीवापायी दोन जीव कशाला घालवायचं?"

"गप बस," आबा म्हणाले.

"गप कशाला बसू? कोण नेणार हाय मला? रोज रोज भाड्याची गाडी पहाटं मिळती व्हय? हेमंतानं नोकरी सोडून यावं?"

भाद्रपदात एकदा पाऊस लागून सोमवार चुकला होता. मंगळवारी रात्रीपर्यंत आईंचे पाय खांबासारखे सुजले होते आणि त्यांना आडवं होता येत नव्हतं. बसून रात्र काढली होती. 'बंद करू' म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आता मी खरं सांगते. दिसलं मलाही होतं. पंधरा दिवसांपूर्वी आबांनी तांब्यात ओतायचं पाणी तांब्याच्या शेजारी ओतलं, ते मी फडक्यानं पुसून घेतलं आणि काही बोलले नाही. देव्हाऱ्याच्या चौकटीला त्यांचा खांदा दोनदा धडकला, तेव्हा मी शिलाई मशीनवर मान खाली घालून बसले होते. कारण माझ्याकडं लायसन होतं. आबांनीच मला गाडी शिकवली होती, दोन वर्षांपूर्वी. बाजारापर्यंत, स्टँडपर्यंत, दिवसाउजेडी मी गाडी न्यायची. पण पहाटेच्या काळोखात, उसाच्या हंगामात, कराडच्या रस्त्यावर आजारी माणसाला घेऊन जायचं, या विचारानंच मी मागं सरायची. आबांना दिसत नाही असं मी म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य मलाच म्हणावं लागलं असतं. म्हणून मी दोघांना त्या रस्त्यावर जाऊ देत होते. आणि दारात उभी राहून लाल दिवे बघत होते.

"मी नेते," मी म्हटलं.

"उद्या गाडी मी चालवते. आबा मागं बसतील."

"काळोख असतोय," आबा म्हणाले.

"दिवे नवीन आहेत."

त्यांना हसू आलं नाही. मलाही नाही. पण ते उठले, आणि मला म्हणाले, "मग जेवून लवकर झोप."

झोप कसली लागते! चारला उठून मी गाडीची काच पुसून ठेवली. पावणेपाचला आई पुढं बसल्या, आबा मागं. मागच्या सीटवर कसं बसायचं हेच त्यांना समजत नव्हतं. गुडघे पुढच्या सीटला लागत होते आणि उजवा पाय उगाचच ब्रेक दाबत होता, ते मला सीटच्या पाठीतून कळत होतं.

गाव संपलं आणि दिव्यांच्या उजेडापलीकडं सगळं काळं झालं. मी तिसाच्या वर गाडी नेईना. आई सवयीनं बोलायला लागल्या, "डावीकडं खड्डा हाय... म्होरं वळण..."

"अगं तिला दिसतंय," मागून आबा म्हणाले.

आई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "व्हय की," आणि पहिल्यांदाच मान मागं टेकून त्यांनी डोळे मिटले.

मल्हारपेठेच्या अलीकडं समोरून एक ट्रक आला, अपर लावून, म्हणजे दिव्यांचा पूर्ण झोत सोडून. माझ्या डोळ्यांसमोर नुसता पांढरा पडदा. रस्ता गेला, कडा गेल्या, मी चाक घट्ट धरलं.

"त्याच्या दिव्याकडं बघू नगो," आबांचा आवाज अगदी माझ्या कानाजवळ आला. ते पुढं वाकले होते. "रस्त्याच्या डाव्या कडंला पांढरा पट्टा हाय. त्येच्याकडं बघ. पट्टा धर. पाय उचल ॲक्सिलेटरवरनं. जाऊ दे त्याला."

पट्टा दिसला. ट्रक धडधडत गेला.

"हां," आबा म्हणाले आणि मागं टेकले.

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लागला, मागं एकही दिवा नाही. नव्या दिव्यांच्या उजेडात उसाची टोकं लांबूनच चमकली म्हणून मी वेळेत थांबू शकले. आबांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. "मला तर काय न्हाई दिसलं," ते म्हणाले. गेल्या गुरुवारी अशीच ट्रॉली असती तर!

आईंना पाच मिनिटं उशिरा का होईना, त्यांच्या खाटेवर पोहोचवलं. त्यांची चार तास सुटका नव्हती. नऊ वाजता डोळ्यांचे दवाखाने उघडले, तशी मी आबांना घेऊन निघाले. ते नको म्हणाले नाहीत. डॉक्टर तरुण होते. त्यांनी थेंब टाकले, यंत्रासमोर हनुवटी टेकायला लावली, ठिपके दिसले की बटण दाबायला सांगितलं. आबांनी बटण फार कमी वेळा दाबलं.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याच्या आतला दाब वाढून नस मरते. बाजूची नजर आधी जाते, माणसाला कळतसुद्धा नाही. गेली ती परत येणार नाही आजोबा. राहिली आहे ती रोज थेंब टाकून जपता येईल. गाडी मात्र चालवायची नाही."

"न्हाई," आबा म्हणाले.

"आज इथं कसे आलात? गाडी कोण चालवतं तुमच्या घरी?"

आबांनी चष्मा पुसला, तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "सून चालवती. ड्रायव्हर हाय ती."

डॉक्टरांनी मान डोलावून चिठ्ठी लिहायला घेतली. मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत बसले. ती मला काही केल्या नीट वाचता येईनात.

त्यानंतर आई साडेतीन वर्षं होत्या. सोमवार आणि गुरुवार, एकही चुकला नाही. आबा आज एक्याऐंशीचे आहेत. थेंबांनी उरलेली नजर टिकवली. समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, पेपरातले मथळे वाचतात, आणि रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरतात, न लाजता.

त्या सोमवारी परत निघालो तेव्हा अकरा वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. आई दमून पुढच्या सीटवर पेंगत होत्या. विजयनगर गेलं, सुपने गेलं, आणि मी आरशात बघितलं तर आबा खिडकीकडं पूर्ण वळून बसले होते. डोळ्यांच्या कडेनं दिसत नव्हतं, म्हणून सगळी मानच वळवली होती. नाक काचेला टेकलेलं.

"वैजंता, ते खाली चमकतंय ते काय हाय?"

"कोयना आहे आबा."

"एवढी जवळनं जाती?"

"सगळ्या रस्त्याभर बरोबरच आहे की. तुम्हाला माहीत नाही?"

"ठाव हाय," ते म्हणाले. "पर बघितली कुठं? एकतीस वर्षं ह्या रस्त्यानं गेलो. ड्रायव्हरानं म्होरंच बघायचं असतंय."

आईंनी डोळे उघडले. मागं हात नेऊन आबांच्या गुडघ्यावर ठेवला आणि सांगायला लागल्या, "त्यो बघा बंधारा. त्याच्या खाली बाया धुणं धुवत्यात. पल्याडच्या काठाला कुणीतरी हरभरा पेरलाय, हिरवागार. एक पांढरा बगळा हाय दगडावर. दिसला का?"

आबा मान हळूहळू फिरवत शोधत राहिले. आधी बंधारा, मग बाया, मग पलीकडचा काठ.

"थांब, थांब," ते म्हणाले. "दिसला. वैजंता, गाडी जरा हळू घे."